लॉर्ड ऑफ द रिंग्ज: चित्रपट पाठ आहेत, पुस्तक जुन्या अरण्यापाशी अडतं. कसं वाचावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट मला जवळजवळ पाठ आहेत, पण पुस्तक हातात घेतलं की सुरुवातीच्या भागातच गाडी अडते. वाढदिवसाची मेजवानी छान वाटते, काळे स्वार मागे लागतात तिथे पकड येते. मग फ्रोडो आणि त्याचे तीन हॉबिट (ठेंगण्या जमातीचे) मित्र जुन्या अरण्यात शिरतात, टॉम बॉम्बाडिल गाणी म्हणायला लागतो आणि जादूची अंगठी, तिचा मूळ मालक सॉरॉन, त्याचा मुलुख मोर्डोर सगळंच बाजूला पडल्यासारखं होतं. माझ्याकडे इंग्रजी एकखंडी आवृत्ती आहे.

विचारायचं ते असं: आधी 'द हॉबिट' वाचायलाच हवं का? बॉम्बाडिलची प्रकरणं गाळली तर पुढे काही बिघडतं का? कवितांचं काय करायचं? चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्या मी पाहिलेल्या नाहीत, त्या पुस्तकाआधी पाहाव्यात की नंतर? आणि कथानक सगळं ठाऊक असताना वाचण्यात मजा कितपत उरते? मोकळेपणानं लिहा, रहस्यभेदाची चिंता नको.

नकाशेवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

मजा भरपूर उरते, कारण हे पुस्तक अंतरं आणि तारखा यांच्या जोरावर चालतं आणि चित्रपटात नेमक्या त्याच दोन गोष्टी दिसत नाहीत. चित्रपटात जादूगार गॅन्डाल्फ गोन्डोर राज्यात जाऊन कागदपत्रं धुंडाळून परत येतो, ते सगळं काही दिवसांत आटोपल्यासारखं वाटतं. पुस्तकात फ्रोडोला अंगठी देणाऱ्या बिल्बोची मेजवानी तिसऱ्या युगातल्या ३००१ सालच्या २२ सप्टेंबरला होते आणि गॅन्डाल्फ अंगठी आगीत टाकून पाहतो ती ३०१८च्या एप्रिलमध्ये. मध्ये सतरा वर्षं गेलेली असतात. घर सोडताना फ्रोडो पन्नास वर्षांचा असतो. २३ सप्टेंबरला निघून ब्रुइनेन नदीच्या उतारापर्यंत पोचायला त्याला २० ऑक्टोबर उजाडतो, आणि त्यातले शेवटचे चौदा दिवस शापित सुऱ्याचं टोक त्याच्या खांद्यात रुतलेलं असतं. चौदा दिवस! जिथे हा वार होतो त्या वेदरटॉप टेकडीपासून पुढचा प्रवास हे लक्षात ठेवून वाचा, प्रत्येक मुक्कामाला त्याचा हात किती गार पडलाय याकडे आपसूक लक्ष जाईल.

लेखक टॉल्कीननी आपण आधी नकाशा आखला आणि गोष्ट त्यात बसवली, असं १९५४च्या एका पत्रात लिहिलंय. १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात तर चंद्राची तक्रार आहे: कथेतल्या ऐन मोक्याच्या दिवसांत चंद्र एकीकडे उगवतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यासाठी त्यांनी लिहिलेला मजकूर पुन्हा दुरुस्त केला. एवढी मेहनत ज्यात गेली आहे ते वाचताना आपणही थोडी तयारी करावी.

तयारी म्हणजे एवढीच. एकखंडी आवृत्तीतला नकाशा बहुतेक वेळा दोन पानांवर पसरलेला असतो आणि मधला भाग शिवणीत जातो. नेमकी धुक्याची पर्वतरांग आणि मोरिया तिथे येतात, त्यामुळे प्रवासाचा कणाच दिसत नाही. त्याची ए-३ आकाराची प्रत काढून घ्या आणि सोबत पेन्सिल ठेवा. दुसरं म्हणजे परिशिष्ट 'ब'. त्याच्या शेवटी ३०१८ आणि ३०१९ या वर्षांची तारीखवार नोंद आहे, तिथे एक खूणपट्टी अडकवून ठेवा. प्रकरण संपलं की तारीख बघायची, नकाशावर ठिपका द्यायचा, पुढे जायचं. काही जुन्या एकखंडी आवृत्त्यांमधून ॲरागॉर्न-आर्वेनच्या कथेखेरीज बाकीची परिशिष्टं काढून टाकलेली होती, तेव्हा तुमच्या प्रतीत 'अ' ते 'फ' अशी सहाही आहेत ना, हे आधी तपासा.

तारखा बघताना गोंधळ होतो तो महिन्यांचा. हॉबिटांच्या मुलखाच्या, म्हणजे शायरच्या, पंचांगात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आहे, त्यामुळे ३० फेब्रुवारी ही तारीख दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. त्याच दिवशी एन्टांची, म्हणजे चालत्याबोलत्या झाडांची, सभा सुरू होते. अंतरं लीगमध्ये असतात. एक लीग म्हणजे तीन मैल, साधारण पावणेपाच किलोमीटर. ॲरागॉर्न, लेगोलस आणि गिम्ली ऑर्क नावाच्या राक्षसी सैनिकांचा पाठलाग करतात तेव्हा चौथा दिवस संपायच्या आत पंचेचाळीस लीग कापतात, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर, तेही पायी. त्यांना वाटेत भेटणारा रोहन राज्याचा सरदार एओमर थक्क का होतो ते हा हिशेब केल्यावर कळतं.

'हॉबिट'बद्दल: वाचलंत तर उत्तमच. १९ प्रकरणांचं आटोपशीर पुस्तक आहे. वेळ नसेल तर निदान पाचवं प्रकरण, अंधारातल्या कोड्यांचं, नक्की वाचा. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत, बिल्बोच्या आधी अंगठी बाळगणारा गॉलम पैज हरल्यावर अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार होता. पुढच्या कथेशी ते जुळेना, म्हणून १९५१च्या आवृत्तीत टॉल्कीननी हे प्रकरण बदललं आणि जुनी हकिगत म्हणजे बिल्बोनं मारलेली थाप होती, अशी सोय लावली. ही थाप मोठ्या पुस्तकात गॅन्डाल्फच्या संशयाचं मूळ ठरते. तेही नको असेल तर प्रस्तावनेतला अंगठी सापडल्याचा चौथा भाग वाचा. प्रस्तावनेतलं तंबाखूचं आणि शायरच्या कारभाराचं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलंत तरी चालेल. पुष्कळ जण खरे तिथेच दमतात.

तांबडी_वही

बॉम्बाडिलची तीन प्रकरणं, पहिल्या पुस्तकातली सहावं, सातवं आणि आठवं, गाळू नका. चित्रपटांनी ती गाळली आणि त्याची किंमत तिसऱ्या चित्रपटात मोजावी लागली.

आठव्या प्रकरणात चौघं थडग्यांच्या टेकड्यांवर धुक्यात सापडतात. तिथल्या थडग्यातून बॉम्बाडिल त्यांना खंजीर काढून देतो. माणसांसाठी खंजीर, हॉबिटांच्या हातात तलवारीएवढे: पानाच्या आकाराचं पातं, त्यावर लाल-सोनेरी सापांची नक्षी. ते घडवले होते उत्तरेकडच्या ड्यूनेडाइन लोहारांनी, अँगमारच्या राजाशी लढाई चालू असताना. अँगमारचा राजा म्हणजेच पुढचा नाझगुलांचा, म्हणजे काळ्या स्वारांचा, सरदार. म्हणजे हजारभर वर्षांहून जास्त काळ थडग्यात पडून राहिलेलं शस्त्र ज्याच्यासाठी घडवलं होतं, त्याच्याच गुडघ्यामागे पेलेनॉरच्या मैदानात चौघांपैकी मेरी ते खुपसतो. दुसऱ्या कुठल्याही पात्यानं, ते कितीही बलवान हातात असतं तरी, ती जखम झाली नसती असं लेखक तिथे स्पष्ट सांगतो. त्या वारानं सरदाराच्या देहाला बांधून ठेवणारी जादू तुटते आणि मग रोहनच्या राजाची भाची एओविन हिचा घाव लागू पडतो. चित्रपटात मेरीच्या हातात साधी तलवार आहे. घाव लागतो, पण का लागतो याचं उत्तर नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. थडग्यात फ्रोडोला जाग येते, तिघं मित्र बेशुद्ध पडलेले असतात, त्यांच्या गळ्यांवर एक उघडी तलवार आडवी ठेवलेली असते आणि एक हात बोटांवर चालत त्यांच्याकडे येत असतो. त्या क्षणी फ्रोडोच्या मनात येतं की अंगठी घालावी आणि एकट्यानं निसटावं. तो ते करत नाही, हाताशी पडलेलं जुनं हत्यार उचलून त्या हातावर वार करतो. अंगठी न्यायची जबाबदारी याच माणसाकडे का येते, ते इथे दिसतं, अंगठीचं काय करायचं ते ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेच्या कितीतरी आधी. तिथे गॅन्डाल्फ किंवा ॲरागॉर्न आसपासही नाहीत.

घाटमाथा

तांबडी_वही यांचं आठव्या प्रकरणाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सहावं आणि सातवं मात्र मला आजही सैल वाटतात. म्हाताऱ्या विलोच्या झाडाचा प्रसंग चांगला जमलाय, पण बॉम्बाडिलच्या घरातले दोन दिवस लांबतात. जो वाचक तिथेच पुस्तक मिटतो त्याला मी सांगेन की सातव्या प्रकरणातली फक्त अंगठीची दोन पानं वाच: बॉम्बाडिल अंगठी बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही, आणि फ्रोडोनं घातली तरी त्याला तो दिसतोच. एल्रॉन्डच्या सभेत अंगठी बॉम्बाडिलकडे ठेवायची का, यावर चर्चा होते, तिला एवढा आधार पुरतो. बाकीचं दुसऱ्या वाचनाला ठेवा. पुस्तक अर्धवट सोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नवव्या प्रकरणात ब्री गावातली खानावळ येते, ॲरागॉर्न भेटतो, आणि तिथून पुढे अडायला होत नाही. एकूण प्रकरणं ६२ आहेत. तीन खंड असले तरी आत सहा पुस्तकं आहेत, प्रत्येकात साधारण नऊ ते बारा प्रकरणं. खंडांपेक्षा या सहा पुस्तकांच्या हिशेबानं वाचलं तर थांबायच्या जागा नैसर्गिक येतात.

एक गोष्ट अजिबात करू नका. 'टू टॉवर्स'मध्ये तिसरं पुस्तक सगळं ॲरागॉर्न-रोहनचं आहे आणि चौथं सगळं फ्रोडो-सॅमचं. चित्रपट दोन्हीकडे आलटून पालटून जातात, म्हणून काही जण पुस्तकही तसंच एकाआड एक प्रकरण घेऊन वाचतात. त्यानं पाचव्या पुस्तकाचा शेवट वाया जातो. मोर्डोरच्या काळ्या दारापाशी सॉरॉनचा दूत फ्रोडोचा चिलखती सदरा बाहेर काढून दाखवतो, तेव्हा वाचकाला एवढंच ठाऊक असतं की फ्रोडो ऑर्कांच्या हाती लागलाय. सॅमनं त्याला सोडवल्याचं सहाव्या पुस्तकात येतं. गॅन्डाल्फइतकेच आपणही त्या क्षणी हादरलेले असतो. विस्तारित चित्रपटात हा प्रसंग आहे, पण तोपर्यंत प्रेक्षकानं फ्रोडोची सुटका पाहिलेली असते, त्यामुळे सगळा धक्का फक्त पडद्यावरच्या पात्रांना बसतो.

नकाशेवाला

घाटमाथा यांच्या मुद्द्याला जोडून एक. दोन्ही धागे वेगळे वाचूनही ते एकमेकांना कुठे शिवतात हे बघायचं असेल तर १० मार्च ३०१९ ही तारीख पकडा. मोर्डोरमधून काळोख पसरतो आणि त्या दिवशी पहाट होतच नाही. मिनास तिरिथमध्ये पिपिनला दिवस उजाडला की नाही कळत नाही, रोहनचे स्वार हॅरोडेलहून त्याच अंधारात निघतात, आणि फ्रोडो-सॅम चौरस्त्यावर पोचतात. तिथे जुन्या राजाचा दगडी पुतळा आहे, डोकं उडवून बाजूला टाकलेलं. मावळता सूर्य काळोखाच्या कडेखालून क्षणभर डोकावतो आणि त्या उजेडात फ्रोडोला दिसतं की पडलेल्या मस्तकाभोवती पांढऱ्या आणि पिवळ्या रानफुलांची वेल वाढली आहे, मुकुटासारखी. हे चौथ्या पुस्तकात येतं, बाकीची दोन ठिकाणं पाचव्यात, शेकडो पानांचं अंतर राखून. लेखक तिथे तारखा बोलून दाखवत नाही. परिशिष्टात त्या एका तारखेखाली सगळी नावं एकत्र दिसतात तेव्हा त्यानं केवढं विणकाम केलंय ते कळतं.

पडदाप्रेमी

चित्रपटांबद्दल मी लिहितो. आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण घरबसल्या पाहताना नाव तेच आणि आवृत्ती वेगळी असं होतं. लांबी बघा. चित्रपटगृहातल्या आवृत्त्या १७८, १७९ आणि २०१ मिनिटांच्या. विस्तारित आवृत्त्यांमध्ये शेवटी चाहत्यांच्या नावांची लांबलचक यादी जोडलेली आहे, ती धरून साधारण २२८, २३५ आणि २६३ मिनिटं. डिस्कवर प्रत्येक विस्तारित चित्रपट दोन भागांत येतो. २०११च्या विस्तारित ब्लू-रेमध्ये पहिल्या चित्रपटावर हिरवट छटा चढली होती, बर्फसुद्धा पांढराशुभ्र दिसत नाही. तुमच्याकडे ती प्रत आली तर तुमच्या टीव्हीचा दोष नाही. २०२०च्या फोर-के प्रतीत रंग नव्यानं केले आहेत, ती घ्या.

आता कोणती कधी. सरसकट 'विस्तारितच बघा' असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही, तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

पहिल्या चित्रपटाची मूळ आवृत्ती बांधीव आहे. विस्तारितमध्ये शायरची सुरुवात ऐसपैस होते आणि लोथलॉरिएनमधल्या भेटवस्तू पूर्ण येतात. पुढे सॅम ती दोरी वापरतो ती कुठून आली, हे कळतं. दोन्ही आवृत्त्या चांगल्या.

दुसऱ्याची मात्र विस्तारितच पाहा. बोरोमिरचा धाकटा भाऊ फॅरामिर पुस्तकात अंगठीचा मोह सहज नाकारतो. रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, अशा अर्थाचं बोलतो. चित्रपटात तो फ्रोडोला ऑस्गिलियाथला ओढत नेतो, आणि मूळ आवृत्तीत त्याचं कारण नीट पोचत नाही, तो नुसता आडमुठा वाटतो. विस्तारितमध्ये बोरोमिर, फॅरामिर आणि त्यांचा बाप डेनेथॉर यांचा ऑस्गिलियाथमधला जुना प्रसंग आहे. बाप धाकट्याला सगळ्यांसमोर कसा तुच्छ लेखतो आणि थोरल्याला अंगठी आणायला कसा पाठवतो, हे त्यात दिसतं. त्या एका प्रसंगानं दोन्ही भावांची पात्रं उभी राहतात.

तिसऱ्याची मूळ आवृत्ती आधी पाहून झालीच आहे, तेव्हा विस्तारित पुस्तक संपल्यावर बघा. त्यात दगाबाज जादूगार सारुमानचा शेवट आहे, रुग्णगृहातले प्रसंग आहेत, काळ्या दारावरचा दूत आहे. पण नाझगुलांचा सरदार गॅन्डाल्फची काठी मोडतो असाही एक प्रसंग घातलाय, आणि माझ्या मते तो असायलाच नको होता. पुस्तकात दोघं फुटलेल्या वेशीत समोरासमोर उभे राहतात, गॅन्डाल्फ तसूभर हलत नाही, तेवढ्यात शहरात कुठेतरी कोंबडा आरवतो आणि त्याला उत्तर दिल्यासारखी दुरून रोहनची शिंगं वाजतात. कोण जिंकलं असतं, ते आपल्याला कधीच कळत नाही. चित्रपटानं निकाल लावून टाकला आणि ताण घालवला.

मेलेल्यांच्या सैन्याचंही तेच. पुस्तकात ते फक्त पेलार्गिर बंदरात चाच्यांच्या जहाजांवर दहशत पसरवतात आणि तिथेच त्यांची शपथ फिटते. ॲरागॉर्न मैदानावर येतो तो दक्षिण गोन्डोरची जिवंत माणसं घेऊन. चित्रपटात हिरवं भुताळी सैन्य येऊन काही क्षणांत रण साफ करतं, मग रोहनचे स्वार मेले कशासाठी, असा प्रश्न पडतो.

चित्रपटानं सुधारलेलं एक ठिकाण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. बोरोमिरची शेवटची लढाई पुस्तकात आपल्याला दिसतच नाही. ॲरागॉर्नला शिंगाचा आवाज ऐकू येतो, तो धावत पोचतो तेव्हा सगळं झालेलं असतं, आणि हेही दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला. चित्रपटानं ती लढाई पहिल्या भागाच्या अखेरीस आणून पूर्ण दाखवली. बोरोमिर हा मोहाला बळी पडलेला भला माणूस आहे, हे पडद्यावर जास्त ठसतं.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशाची प्रत काढायला टाकतोय. आठवं प्रकरण वाचलं, तलवारीकडे बोटांवर सरकत येणाऱ्या हाताचं वर्णन जबरदस्त आहे आणि मी इतकी वर्षं त्याच्या अलीकडेच थांबत होतो!

पुढचे प्रश्न: एल्रॉन्डची सभा फार लांब आणि नावांनी गच्च भरलेली आहे असं ऐकलंय. कवितांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आणि पुस्तक झाल्यावर थेट 'सिल्मरिलियन' घ्यावं का? व्हिडिओ गेमपैकी काही खेळण्यासारखं आहे का?

तांबडी_वही

सभेचं प्रकरण एका बैठकीत वाचायचा हट्ट नको. सहज दोन भाग पडतात. पहिल्या भागात बुटका ग्लोइन सांगतो की सॉरॉनचा दूत त्यांच्या दाराशी येऊन गेला आणि बालिन मोरियाला गेल्यापासून बातमी नाही. मग एल्रॉन्ड जुन्या युद्धाचं आणि इसिल्डुरचं सांगतो, बोरोमिर स्वप्नातलं कोडं मांडतो, नंतर बिल्बो आणि फ्रोडो आपापली हकिगत. इथे थांबा. दुसऱ्या भागात गॅन्डाल्फ बोलायला लागतो: इसिल्डुरचा लेख, गॉलमची चौकशी, सारुमानचा दगा. मध्येच लेगोलस गॉलम निसटल्याचं कबूल करतो. शेवटी वाद, आणि दुपारची घंटा झाल्यावरची ती शांतता. कोण बोललं आणि त्यानं कोणती नवी बातमी आणली, एवढंच समासात पेन्सिलीनं लिहिलंत की नावं आपोआप जागेवर बसतात.

कवितांपैकी काही कथेचा भाग आहेत, त्या सोडू नका. वेदरटॉपवर ॲरागॉर्न टिनूव्हिएलचं गाणं म्हणतो, त्यात त्याच्या आणि आर्वेनच्या कथेचंच प्रतिबिंब आहे, फक्त त्याला ते त्या वेळी सांगायचं नसतं. रिव्हेन्डेलमधलं बिल्बोचं एआरेन्डिलचं गाणं पुढे गॅलाड्रिएलनं दिलेल्या कुपीतल्या प्रकाशाशी जोडलेलं आहे, आणि ती कुपी शेलॉबच्या बिळात कामी येते. मोरियातलं गिम्लीचं ड्युरिनवरचं गाणं नुसतं सुंदर म्हणून वाचा. बाकीच्या मोठ्यानं म्हणून बघा, मनात वाचून त्यांचा ठेका लागत नाही. चालतानाची आणि आंघोळीची गाणी पहिल्या वेळी वरवर पाहिलीत तरी चालतील.

इंग्रजी गाण्यांनी फारच अडखळायला होत असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' शेजारी ठेवून पाहा.

आणि शेवट आला म्हणून अंगठी नष्ट झाल्यावर घाई करू नका. २५ मार्चनंतरही बरंच पुस्तक बाकी आहे. हॉबिट शायरला परततात तेव्हा तिथे झाडं तोडलेली, गिरणीचा धूर, धान्य गोळा करून नेणारे गुंड, असं सगळं झालेलं असतं. चित्रपटात हे नाही. चौघं आता कुणाच्या मदतीशिवाय ते निस्तरतात. ३ नोव्हेंबरची बायवॉटरची लढाई हीच त्या युद्धातली शेवटची लढाई, आणि ती घराच्या अंगणात होते. माझ्यासाठी हे पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण आहे.

घाटमाथा

'सिल्मरिलियन' लगेच घेऊ नका. मधली पायरी म्हणून परिशिष्ट 'अ' मधली ॲरागॉर्न-आर्वेनची कथा आणि रोहनच्या राजांचा इतिहास वाचा. २०२४चा 'वॉर ऑफ द रोहिरिम' हा ॲनिमेशनपट त्यातल्याच हेल्म हॅमरहॅन्डच्या थोड्याशा मजकुरावरून केलेला आहे.

त्यानंतर 'सिल्मरिलियन'. टॉल्कीन गेल्यावर मुलगा ख्रिस्तोफर यानं वडिलांच्या कागदांतून जुळवून १९७७ साली ते छापलं, त्यामुळे सूर कादंबरीचा नाही, पुराणाचा आहे. पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुतेक जण बेलेरियान्डच्या भूगोलाच्या प्रकरणात अडकतात. मी उलट सुचवेन: आधी १९वं प्रकरण, बेरेन आणि लूथिएन. ॲरागॉर्नच्या गाण्यातली कथा तीच, त्यामुळे ओळखीची वाट मिळते. मग २१वं, तुरिनचं. तुरिन आवडला तर २००७ साली निघालेलं 'चिल्ड्रेन ऑफ हूरिन' घ्या, त्यात तीच कथा सविस्तर आहे. एवढं झालं की पहिल्या पानावर या.

तेव्हा एका कागदावर एल्फांचा राजा फिन्वे याचे तीन मुलगे लिहून ठेवा: फेआनोर, फिंगोल्फिन, फिनार्फिन. फेआनोरच्या खाली त्याचे सात मुलगे, फिनार्फिनच्या खाली फिनरोड आणि गॅलाड्रिएल. सगळी भांडणं या तीन घरांमधली आहेत. नावं 'फ'नं सुरू होतात म्हणून गोंधळ होतो, कागद समोर असला की होत नाही.

'रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका बघणार असाल तर परिशिष्ट 'ब' मधला दुसऱ्या युगाचा भाग आधी वाचा. ते युग ३४४१ वर्षांचं आहे. अंगठ्या घडल्या त्या सुमारे १५०० ते १६०० या काळात आणि न्यूमेनोर हे माणसांचं बेट बुडालं ३३१९ मध्ये. मालिकेनं हे सगळं एकाच पिढीत आणलंय. त्यामुळे न्यूमेनोरच्या माणसांना मरणाची भीती पिढ्यानपिढ्या कशी पोखरत गेली, तो मूळ विषयच पातळ होतो.

चौथा_बुरूज

गेमबद्दल. नकाशावर ठिपके देत वाचणाऱ्यासाठी सगळ्यांत योग्य म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'. २००७चा आहे, चित्रं जुनी वाटतील, पण सुरुवातीचा बराच भाग फुकट खेळता येतो आणि साधारण लॅपटॉपवर चालतो. चित्रपटांनी गाळलेलं जुनं अरण्य, थडग्यांच्या टेकड्या, बॉम्बाडिलचं घर हे सगळं त्यात आहे. शायरमध्ये सुरुवात करा, घोडा मिळाला तरी ब्रीपासून वेदरटॉप आणि तिथून ब्रुइनेनपर्यंत एकदा पायीच जा. जुन्या अरण्यात वाटा फसवतात, गेमचा नकाशाही तिथे विशेष मदत करत नाही, तेव्हा वळणं कागदावर लिहीत जा.

'शॅडो ऑफ मॉर्डोर' (२०१४) हा लढाईचा गेम म्हणून उत्कृष्ट. त्यात तुम्हाला मारणारा साधा ऑर्क बढती मिळून कप्तान होतो आणि पुढच्या भेटीत जुनं बोलणं काढतो. नवखे लोक एक चूक हमखास करतात, माहिती न काढता कप्तानावर चालून जातात. हिरव्या खुणेचे ऑर्क जिवंत पकडून त्यांच्याकडून आधी वदवून घ्या. एखाद्यावर बाण चालत नाहीत, एखाद्यावर मागून वार चालत नाही, कुणी आगीला घाबरतो. हे कळल्यावर लढाई मिनिटभरात आटोपते, न कळता गेलात तर तो तुम्हाला मारून आणखी बलवान होतो. पुढचा भाग 'शॅडो ऑफ वॉर' (२०१७) आकारानं मोठा आहे, पण त्यातली कथा पुस्तक वाचताना डोक्यात आणू नका. त्यात इसिल्डुरला नाझगुल केलंय. पुस्तकात तो तिसऱ्या युगाच्या दुसऱ्याच वर्षी ग्लॅडन नदीपाशी बाण लागून मरतो, आणि अंगठी त्याच्या बोटातून निसटते म्हणूनच तर पुढची गोष्ट घडते.

मोरिया आवडलं तर २०२३चा 'रिटर्न टू मोरिया' बघा. गिम्लीनं बोलावलेले बुटके खाणीत परततात, अशी चौथ्या युगातली कथा आहे. खोदताना बुटके गाऊ लागतात, ते ऐकायला फार छान वाटतं. पण खोदकामाचा आवाज साठत जातो आणि एका मर्यादेनंतर ऑर्कांची टोळी येते. म्हणून खनिजाची मोठी शीर फोडण्याआधी शेकोटी, दुरुस्त केलेली हत्यारं आणि पोटभर जेवण, एवढं आधी करून घ्या. मशाली मोजून न्या, अंधारात फार वेळ राहिलात तर बुटक्याचा धीर खचत जातो. एकट्यानं खेळता येतं, पण दोघं-तिघं असलात तर एकानं खोदायचं आणि बाकीच्यांनी पहारा द्यायचा, म्हणजे सामान अर्धवट टाकून पळायची वेळ येत नाही.